चावा कुत्र्याचा, खर्च कोणाचा?

२०१८ साल, वरळीतली एक इमारत. लिफ्ट खाली येताना मधल्या मजल्यावर थांबते. आत एक गृहस्थ, त्यांचा दीड वर्षाचा मुलगा आणि घरकामाला असलेला माणूस. दारात शेजारी उभा, हातात हस्कीचा पट्टा. "मुलगा कुत्र्याला घाबरतो, जरा थांबा," असं गृहस्थ सांगतात. शेजारी ऐकत नाही, कुत्र्याला ओढतच आत आणतो आणि कुत्रा त्या गृहस्थांच्या हाताला चावतो. मे २०२५ मध्ये दंडाधिकारी न्यायालयाने त्या शेजाऱ्याला चार महिन्यांची सक्तमजुरी सुनावली.

या निकालाची बातमी आली तेव्हा 'कुत्रा चावला म्हणून मालक तुरुंगात' असाच सूर होता. पण नुसतं चावल्याने मालक दोषी ठरत नाही. थांबायला सांगितलेलं असताना त्याने कुत्र्याला आत ओढलं, आणि हे सगळं कॅमेऱ्यात होतं, ही यातली खरी गोष्ट. कुत्रा चावण्याच्या प्रत्येक प्रकरणात कायदा हाच शोध घेतो: कुत्रा कोणाच्या ताब्यात होता आणि त्या माणसाने घ्यायला हवी होती ती काळजी घेतली का? हे एकदा डोक्यात बसलं की पुढची कलमं समजायला सोपी जातात.

भारतीय न्याय संहितेत यासाठी कलम २९१ आहे. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये एवढी काळजी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे न घेणारा गुन्हेगार ठरतो. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पूर्वीची घटना असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम २८९ लागतं. तिथे कैद तेवढीच, दंड मात्र १,००० रुपयांपर्यंत.

या कलमात 'मालक' नाही, 'ताबा' आहे, आणि सोसायट्यांतली निम्मी भांडणं इथेच सुटतात. कुत्रा भावाच्या नावावर, परवाना वहिनीच्या नावावर, पण फिरवायला नेला होता पगारी मुलाने. मग जबाबदार कोण? फौजदारी बाजूने आधी त्या मुलाकडे बघितलं जाईल. दिवाणी बाजूने मात्र नोकराच्या हातून कामात झालेल्या चुकीची भरपाई धन्याला द्यावी लागते, त्यामुळे मालक हात झटकू शकत नाही. आठ दिवसांसाठी कुत्रा सांभाळायला घेतलेला पाळणाघरवाला, फार्महाऊसवरचा रखवालदार, गेटवर 'असू दे राखणीला' म्हणून कुत्रा बांधून ठेवणारी सोसायटी, हे सगळे या 'ताब्या'त येऊ शकतात. "तो आमचा नाही हो, इथेच असतो," हे उत्तर तर नेहमीचंच. पण रोज रात्री तुम्ही त्याला आवारात बांधत असाल, त्याच्या गळ्यात तुम्ही घातलेला पट्टा असेल, तर न्यायाधीशांना त्या उत्तराचं फारसं कौतुक वाटणार नाही.

जखम मोठी असेल तर न्याय संहितेचंच कलम १२५ सुद्धा लागू शकतं. दुसऱ्याची सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्या बेदरकार किंवा निष्काळजी कृत्याने गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत कैद आहे. 'गंभीर' म्हणजे काय हेही कायद्याने ठरवून दिलंय: हाड मोडणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, पंधरा दिवस तीव्र वेदना असणं किंवा तेवढे दिवस रोजचं कामकाज करता न येणं. जुन्या कायद्यात हे वीस दिवस होते. पोटरीचा लचका निघालेला माणूस पंधरा दिवस सहज घरी बसतो. तेव्हा डॉक्टर विश्रांतीच्या दाखल्यावर किती दिवस लिहितात, यावरही कलम बदलू शकतं.

कलम २९१ चा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी एफआयआर नोंदवायला हवा. पोलीस ठाण्यात बहुतेक वेळा एनसीवर, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीवर, बोळवण होते आणि "शेजारी-शेजारी आहात, मिटवून घ्या" असा सल्ला मिळतो. एनसीची प्रत घ्यायलाच हवी, पण तिथे थांबू नका. ठाण्याने दाद दिली नाही तर पोलीस अधीक्षकांना किंवा उपायुक्तांना लेखी कळवता येतं, आणि तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. फक्त कलम २९१ असेल तर न्यायालयाला एका वर्षाच्या आतच त्याची दखल घेता येते, म्हणून 'बघू नंतर' करत बसू नये.

शिक्षा झाली, पैसे कुठे?

दंडाची रक्कम सरकारजमा होते. मालकाला ५,००० रुपये दंड झाला म्हणून ते तुमच्या खिशात येत नाहीत, आणि आले तरी त्यात एका चांगल्या ड्रेसिंगपलीकडे काय होणार? शिक्षा सुनावताना न्यायाधीश नुकसानभरपाईचाही आदेश देऊ शकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९५ त्यासाठीच आहे. पण सरकारी वकिलांनी आणि तुम्ही ती मागायला हवी, खर्चाची बिलं तेव्हा समोर हवीत. फौजदारी खटला किती चालेल याचाही भरवसा नाही. वरळीच्या प्रकरणाला सात वर्षं लागली. नेपियन सी रोडवर २०१० मध्ये एका वृद्ध गृहस्थांना रॉटविलर चावला होता, त्याच्या मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली २०२३ मध्ये.

म्हणून भरपाई हवी असेल तर रस्ता दिवाणी न्यायालयाचा. कुत्र्याच्या चाव्यासाठी आपल्याकडे वेगळा दिवाणी कायदा नाही. इंग्रजांच्या काळापासून न्यायालयांनी घडवत आणलेली तत्त्वं आहेत, आणि त्यांचा गाभा दोन वाक्यांत सांगता येतो. कुत्रा चावरा आहे, अंगावर धावतो, हे मालकाला आधीपासून ठाऊक असेल तर त्याची जबाबदारी जवळजवळ पक्की. मग 'मी काळजी घेतली होती' म्हणून फारसं निभत नाही. ठाऊक नसेल तर त्याचा निष्काळजीपणा तुम्हाला दाखवावा लागतो: साखळी नव्हती, गेट सताड उघडं होतं, गर्दीच्या जिन्यात मुसकी घातली नव्हती, आठ वर्षांच्या मुलीच्या हातात मोठ्या कुत्र्याचा पट्टा दिला होता.

इथे त्या 'कुत्र्यापासून सावध राहा' पाटीची गंमत बघा. पाटी लावली की आपण सुटलो, असं बंगलेवाल्यांना वाटतं. भिंतीवरून उडी मारून आलेल्या चोरापुरतं ते चालेलही. पण पोस्टमन, मीटर रीडिंगवाला, दूधवाला, कामवाल्या मावशी हे कामासाठी आत येणारच, त्यांना बेल वाजवायला गेटच्या आत यावंच लागतं. त्यांना कुत्रा चावला तर तीच पाटी समोरच्या वकिलाच्या कामी येते. कुत्रा धोकादायक आहे हे मालकाला ठाऊक होतं, याची ती लेखी कबुलीच ठरू शकते.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र वरचे दोन परिच्छेद विसरावेत. तिथल्या कायद्यानुसार कुत्रा पूर्वी कधी चावला होता का, मालकाला त्याची कल्पना होती का, हा प्रश्नच येत नाही. सार्वजनिक जागी किंवा रीतसर आलेल्या माणसाला खासगी जागेत कुत्रा चावला की मालक देणं लागतो. ही रक्कम बऱ्याचदा घराच्या विम्यातून दिली जाते. पुण्या-मुंबईत बहुतेक वेळा वसूल करायचं ते मालकाच्या खिशातून.

रक्कम कशी मांडायची

समजा, कोथरूडच्या एका सोसायटीत पार्सल द्यायला गेलेला तेवीस वर्षांचा मुलगा आहे. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं, लॅब्राडॉर मालकिणीच्या पायातून निसटला आणि त्याने मुलाच्या पोटरीचा लचका तोडला. "काही करत नाही हो तो," हे वाक्य पूर्ण व्हायच्या आतच झालं सगळं. खासगी दवाखान्यात जखमेची सफाई, सीरम, औषधं, ड्रेसिंग मिळून १४,००० रुपये गेले. रिक्षाने जायला-यायला २,४०० लागले. फाटलेली पँट आणि पडून फुटलेली मोबाईलची काच धरली तर आणखी १,४००. अठरा दिवस गाडीवर बसता आलं नाही, रोजची कमाई ९०० रुपये, म्हणजे बुडालेले १६,२००. एकूण झाले ३४,००० रुपये. याला हिशेबी नुकसान म्हणतात. याची पावती किंवा अ‍ॅपमधली कमाईची नोंद दाखवता येते.

यापुढचं नुकसान मोजायला फूटपट्टी नाही. वेदना, भीती, राहिलेला व्रण, झोपेत दचकून उठणारं मूल यांची रक्कम न्यायाधीश परिस्थिती बघून ठरवतात आणि अपघाताच्या दाव्यांत अशा इजेला काय दिलं जातं याचा अंदाज घेतात. वय, व्यवसाय, जखमेची जागा, पुढे लागणारी प्लास्टिक सर्जरी हे सगळं त्यात येतं. चेहऱ्यावरचा व्रण आणि पिंढरीवरचा व्रण यांची किंमत एक नसते. पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च मागायचा असेल तर सर्जनकडून अंदाजपत्रक आजच लिहून घ्या. तोंडी 'पुढे करावी लागेल' न्यायालयात टिकत नाही.

समोरून एक बचाव हमखास येतो: "त्यानेच कुत्र्याला डिवचलं." ते सिद्ध झालं तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते, कधी शून्यही होते. लहान मुलाच्या बाबतीत हा बचाव दुबळा पडतो, कारण पाच वर्षांच्या पोराने शेपूट ओढू नये एवढी समज त्याच्याकडून कायदाही धरत नाही.

आता पुराव्याचं बोलू. माझ्या मते बहुतेक दावे पहिल्या दोन दिवसांतच जिंकले किंवा हरले जातात. आधी अर्थातच जीव. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची; हळद, चुना, तिखट, काही लावायचं नाही. मग थेट दवाखाना. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं, म्हणून 'घरातलाच कुत्रा आहे, लस दिलेली आहे' यावर विसंबून थांबू नये. दंडात घ्यायची लस साधारण ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असते. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर जखमेतच सीरम द्यावं लागतं. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते. आणि यातला एकही डोस चुकवू नका. प्रकृतीसाठी तर हे हवंच, पण मधेच उपचार सोडले तर 'स्वतःचं नुकसान याने स्वतःच वाढवलं' असं म्हणायला समोरच्याला आयती संधी मिळते.

केसपेपरवर डॉक्टर घाईत 'डॉग बाईट' एवढंच लिहितात. तुम्ही विनंती करा: कुठे चावला, किती वाजता, पाळीव की भटका, पाळीव असेल तर कोणाचा, जखमा किती आणि किती लांबीच्या. घटनेनंतर तासाभरात डॉक्टरांना सांगितलेल्या माहितीला पुढे फार वजन येतं, कारण तेव्हा वकील कोणी गाठलेला नसतो. पट्टी बांधण्याआधी फोटो काढा, शेजारी नाणं किंवा मोजपट्टी ठेवून. सोसायटीच्या सेक्रेटरीला त्याच दिवशी लेखी कळवा की अमुक वेळेचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं. ही चित्रणं थोड्याच दिवसांत आपोआप पुसली जातात, आणि मग 'रेकॉर्डिंग नाही' हे उत्तर खरंच असतं. हाच कुत्रा पूर्वी कोणाला चावला होता का, सोसायटीच्या ग्रुपवर त्याची तक्रार झाली होती का, ते शोधा. 'मालकाला ठाऊक होतं' हे सिद्ध करायला व्हॉट्सअ‍ॅपवरचा दोन वर्षांपूर्वीचा एक संतापलेला मेसेजही पुरतो. कुत्र्याचं लसीकरणाचं पुस्तक बघायला मागा आणि कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवायला सांगा.

खरं सांगायचं तर यातली बहुतेक प्रकरणं न्यायालयात जातच नाहीत, आणि जाऊही नयेत. मालक दवाखान्याचं बिल भरतो, चार दिवस डबा पाठवतो, विषय संपतो. तडजोडीत वाईट काही नाही. फक्त लसीचा शेवटचा डोस होऊन जखम भरेपर्यंत 'आता माझी काही तक्रार नाही' अशा कागदावर सही करू नका. दुसऱ्या दिवशी हातावर ठेवलेले दहा हजार तेव्हा पुष्कळ वाटतात, आणि तिसऱ्या आठवड्यात जखम चिघळते. करार करायचाच तर लिहून करा: आजवरचा खर्च किती, पुढचा कोण करणार, कुत्र्याला यापुढे मुसकी घातली जाईल का. मालक मंडळींसाठीही हे सोयीचं आहे. काही विमा कंपन्यांच्या पाळीव कुत्र्याच्या पॉलिसीत त्रयस्थाला झालेल्या इजेची भरपाईही येते, ती घेताना हे कलम आहे ना एवढं तपासा. आणि पालिकेचा परवाना काढा. तो नसणं हाच निष्काळजीपणाचा पहिला पुरावा म्हणून पुढे केला जातो.

भटका कुत्रा चावला तर?

आता खरी अडचण. इथे पट्टा धरणारा हातच नाही. मग जबाबदारी कोणाची? प्राणी जन्मनियंत्रण नियम २०२३ नुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण हे स्थानिक स्वराज्य संस्थेचं काम आहे: महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत. नसबंदीनंतर कुत्रा होता तिथेच परत सोडायचा, हाही नियमच. पालिका कुत्र्याची मालक नाही, पण कायद्याने दिलेलं काम तिने केलं नाही आणि त्यातून इजा झाली, हा दावा करता येतो. राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा आधार घेऊन उच्च न्यायालयात रिट याचिकाही करता येते.

या बाबतीत पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये थेट दरच बांधून दिला. प्रत्येक दाताच्या खुणेला किमान १०,००० रुपये. मांस निघालं असेल तर दर ०.२ सेंटीमीटर जखमेला किमान २०,०००. जिल्ह्याच्या समितीने अर्ज चार महिन्यांत निकाली काढायचा, पैसे आधी राज्याने द्यायचे आणि मग हलगर्जी करणाऱ्या यंत्रणेकडून किंवा मालक असेल तर त्याच्याकडून वसूल करायचे. दात मोजून पैसे हा प्रकार ऐकायला विचित्र वाटतो, पण गरीब माणसाला साक्षी-पुराव्यांच्या फेऱ्यात न अडकवता काहीतरी हातात पडावं यासाठी असा तक्ता मला तरी शहाणपणाचा वाटतो. केरळमध्ये २०१६ पासून सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती सिरी जगन समितीकडे अशा अर्जांचं काम दिलं गेलं होतं.

पंजाबचा हा दर महाराष्ट्रात आपोआप लागू होत नाही. मुंबई उच्च न्यायालयासमोर त्याचा दाखला देता येतो, इतकंच. आपल्याकडचा विरोधाभास जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला विचारा. बिबट्याने शेळी नेली तर वनखात्याचा पंचनामा होतो आणि ठरलेल्या दराने भरपाई मिळते. तीच शेळी भटक्या कुत्र्यांच्या टोळीने फाडली तर वनखातं म्हणणार, कुत्रा काही वन्यप्राणी नाही.

पालिकेविरुद्ध जायचं तर तारखा सांभाळा. मुंबई महानगरपालिका अधिनियमाचं कलम ५२७ आणि इतर महापालिकांना लागू असलेल्या अधिनियमाचं कलम ४८७ सांगतं की कामातल्या हयगयीबद्दल दावा लावण्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यायची, आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांच्या आत लावायचा. खासगी मालकाविरुद्ध तीन वर्षं आहेत म्हणून इथेही तेवढीच असतील, असं समजून लोक फसतात. पालिकेची हयगय दाखवायला सर्वांत कामाचा कागद म्हणजे आधीच्या तक्रारी: त्या गल्लीबद्दल वॉर्ड ऑफिसला कोणी कधी काय कळवलं होतं. माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर त्या वॉर्डातल्या नसबंदीच्या आणि तक्रारींच्या नोंदी मागवता येतात. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका.

सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये या विषयात एकामागून एक आदेश दिले. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात न्यायला सांगितलं, २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने ते बदलून नसबंदी-लसीकरणानंतर परत सोडायला सांगितलं. रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्री मात्र वगळली. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वेस्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवून तिथे परत न सोडण्याचा आदेश आला. भरपाईच्या दृष्टीने हा शेवटचा आदेश महत्त्वाचा. एसटी स्टँडवर किंवा सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात कुणाला कुत्रा चावला, तर त्या जागेच्या व्यवस्थापनाला 'आमचा काय संबंध' म्हणणं आता जड जाईल.

खायला घालणाऱ्यांचं काय, हा प्रश्न प्रत्येक सोसायटीत पेटलेला असतो. नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये, खायला घालायचं असेल तर कुत्रा रीतसर दत्तक घ्या, असं म्हटलं होतं. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. २०२३ च्या नियमांत खायला घालण्याची जागा ठरवून घ्यायची तरतूद आहे: मुलांच्या खेळायच्या जागेपासून, जिन्यापासून, प्रवेशद्वारापासून दूर. नुसती पोळी टाकल्याने कोणी मालक होत नाही. ठरलेली जागा सोडून रोज लहान मुलांच्या घसरगुंडीशेजारी भांडं ठेवणारा मात्र उद्या निष्काळजीपणाच्या प्रश्नातून सहज सुटणार नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्यांची हेल्पलाइन १५१००.

एक गोष्ट मात्र घराघरांत सुटून जाते. भटकं कुत्रं मागे लागलं, गाडी घसरली, दुचाकीवाला गेला किंवा कायमचा अपंग झाला. घरचे पालिकेला दोष देत बसतात आणि गाडीच्या विम्याकडे बघतच नाहीत. गाडी स्वतःच्या नावावर असलेल्या आणि वैध लायसन्सवर स्वतः ती चालवणाऱ्या माणसासाठी १५ लाख रुपयांचं वैयक्तिक अपघात संरक्षण सक्तीचं आहे. त्यात समोर दुसरी गाडी असायला हवी, चूक कोणाची ते ठरायला हवं, असं काही नाही. पोलिसांच्या घटनास्थळ पंचनाम्यात 'कुत्रा आडवा आल्याने' ही नोंद करून घ्या, आणि गाडीच्या डिकीतली ती पॉलिसी आजच उघडून त्यात हे संरक्षण घेतलेलं आहे का ते बघा.